कोकणातली दिवाळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या दिवाळीचा सगळा जीव नव्या भातात आहे. आश्विनात हळवे (लवकर तयार होणारे) भात कापून होते, गरवे (उशिरा येणारे) शेतात पिकत उभे असते, अंगणात नुकतीच चोपलेली जमीन असते आणि बांधावरच्या वेलींना कडू फळे लागलेली असतात. इथल्या चालीरीती याच चार गोष्टींतून आल्या आहेत. हे लक्षात ठेवले की कोणती गोष्ट कधी, कशी आणि कशासाठी करायची याचा उलगडा आपोआप होतो. रीत मात्र तालुक्या-तालुक्याला, कधी तर वाडी-वाडीला बदलते. खाली लिहिलेले आणि तुमच्या घरात चालत आलेले यांत फरक असेल, तर घरातलेच धरून चाला.

कोकणात दिवाळीचा मुख्य दिवस कोणता?

नरकचतुर्दशी, म्हणजे आश्विन वद्य चतुर्दशी. सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीच्या दक्षिण भागात हिला ‘चावदिस’ म्हणतात. वसुबारस आणि धनत्रयोदशी गावाकडे साधेपणाने होतात. लक्ष्मीपूजनाचा थाट दुकानदार आणि बाजारपेठेतल्या घरांत जास्त असतो. शेतकऱ्याच्या घरी त्या संध्याकाळी दिवे लावून धान्याची किंवा पैशाच्या पेटीची पूजा केली की झाले. भाऊबीज सगळीकडे असते तशीच.

चावदिसाचे स्नान नेमके किती वाजता करायचे?

चंद्रोदयापासून सूर्योदयापर्यंतच्या वेळात. चतुर्दशीचा चंद्र सूर्य उगवण्याच्या साधारण तास-दीड तास आधी उगवतो, त्यामुळे पहाटे पावणेपाच-पाचच्या आसपास सुरुवात करावी लागते. पंचांगात त्या दिवसापुढे चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. तीच पाहा, कारण ती गावागणिक काही मिनिटांनी बदलते. घरात आठ-दहा माणसे आणि न्हाणी एकच असेल, तर पाणी चारलाच तापत ठेवा. सगळ्यांत जास्त वेळ पाणी तापायलाच लागतो आणि शेवटच्या दोघांची अंघोळ उजाडल्यावर होते ती त्यामुळेच.

उटणे कसे लावायचे?

आधी खोबरेल कोमट करून डोक्यापासून तळपायापर्यंत जिरवा आणि वीस-पंचवीस मिनिटे थांबा. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, गव्हला, संत्र्याची वाळवलेली साल हे उटण्यातले नेहमीचे जिन्नस. माणशी दोन मोठे चमचे उटणे पुरते. ते दुधात किंवा नारळाच्या रसात कालवा. नुसत्या पाण्यात कालवलेले उटणे तेलकट अंगावर बसत नाही, ओघळून जाते. अंग अर्धवट सुकेपर्यंत ठेवून मग चोळून काढायचे. लहान मुलांना त्यात आंबेहळद नसलेलीच बरी, आणि चेहऱ्याला लावण्याआधी हाताच्या आतल्या बाजूला थोडे लावून पाहावे. उटण्याने न्हाणीची फरशी भयंकर निसरडी होते. म्हाताऱ्या माणसांसाठी खाली गोणपाट टाका.

कारीट म्हणजे काय, आणि ते कुठे मिळते?

कारीट हे काकडीच्या कुळातले रानटी, अतिशय कडू फळ. पावसाळ्यात बांधावर, कुंपणावर आणि पडीक जागेत याची वेल आपोआप उगवते आणि आश्विनापर्यंत तिला फळे धरतात. फळ लिंबाएवढे किंवा थोडे लांबट, हिरवे, त्यावर फिकट पट्टे. पिकले की पिवळे होते. गावात हे कुणी विकत घेत नाही, मुले आदल्या दिवशी हिंडून गोळा करतात. मुंबई-ठाण्यात दिवाळीच्या दोन-तीन दिवस आधी फुलवाल्यांकडे आणि पूजेच्या सामानाच्या टोपल्यांत मिळते.

माणशी एक घ्या, वर दोन जास्त ठेवा. निवडताना पट्टे पिवळसर झालेले पण अजून घट्ट असलेले फळ पाहा. अगदी हिरवेगार फळ अंगठ्याखाली फुटत नाही, घसरून दूर उडते. फार पिकलेले हातातच मऊ पडते. प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवले तर एका रात्रीत त्याला पाणी सुटते. उघड्या परडीत ठेवलेले चार-पाच दिवस सहज टिकते.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. कवंडळ आणि कारीट ही वेगळी फळे आहेत. गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, म्हणजे मंडपीला, बांधतात ते तांबडे-केशरी, गोल फळ म्हणजे कवंडळ. ते विषारी आहे, जिभेला लावायचे नाही. बाजारात दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलेली असतात आणि विकणाऱ्यालाही फरक माहीत असेलच असे नाही. तांबडे, केशरी दिसले तर घेऊच नका.

कारीट फोडण्याची रीत काय?

अंघोळ झाली की नवे किंवा धुतलेले कपडे घालून तुळशीपुढे यायचे. काही घरांत आधी कारीट फोडून मग न्हातात, तीही रीत जुनीच आहे. वृंदावनापुढे पणती लावलेली असावी. कारीट जमिनीवर ठेवून डाव्या पायाच्या अंगठ्याने दाबून फोडायचे आणि ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणायचे. हा नरकासुराचा वध. मग फुटलेल्या कारटातला रस बोटाने जिभेला लावायचा, एक बी कपाळाला लावायची, तुळशीला नमस्कार करायचा आणि आत येऊन पोहे खायचे. कडू चाखल्याशिवाय तोंडात गोड घालायचे नाही, हा या पहाटेचा नियम.

फळ फुटत नसेल तर सारवलेल्या अंगणात न ठेवता दगडी पायरीवर किंवा जांभ्याच्या चिऱ्यावर ठेवा. अंगठा मधोमध न दाबता देठाच्या बाजूला दाबला तर साल लवकर तडकते. रस डोळ्यांत उडतो, म्हणून मुलांना वाकून पाहू देऊ नका. जिभेला थेंबभरच लावा. त्या कडूपणाने काहींच्या पोटात ढवळते, आणि जास्त चाखल्याने पुण्य वाढत नाही. गरोदर बाईने आणि तान्ह्या मुलाने नुसती बी कपाळाला लावली तरी चालते, घरातली मोठी माणसे आग्रह करत नाहीत.

फ्लॅटमध्ये राहतो. कारीटही मिळाले नाही. मग?

जागेची अडचण खरी अडचणच नाही. गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीपुढे पाट किंवा जुनी फरशी ठेवून त्यावर फोडा, खाली कागद घाला. कारीट नसेल तर काही जण लहानसे कारले फोडतात. ते चालते, कारण महत्त्वाचा आहे तो कडूपणा. काकडी फोडण्यात मात्र अर्थ नाही. काहीच नसेल तर कडुलिंबाचे पान चाखून पोह्यांना बसा.

फटाक्यांबद्दल एवढेच, की रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आवाजाचे फटाके लावायला कायद्याने बंदी आहे. पहाटेच्या अंघोळीनंतर लगेच माळ लावण्याची सवय असेल, तर ती सोडायला हवी. फुलबाजी पुरे.

चावदिसाला पोह्यांचे किती प्रकार करायचे?

तीन, पाच किंवा सात, घरच्या रीतीप्रमाणे. गोडे पोहे (गूळ-खोबऱ्याचे), दूधपोहे, ताकातले किंवा दह्यातले, फोडणीचे तिखट, कोळाचे, रसातले, बटाट्याचे, असा पंक्तीला येणारा मेळ. बरोबर काळ्या वाटाण्याची उसळ. त्या सकाळी वाडीतल्या लोकांना एकमेकांकडे पोहे खायला बोलावणे असते, म्हणून प्रत्येक प्रकार थोडाथोडाच करा. चार माणसांच्या घराला सगळे मिळून पाऊण किलो पोहे भरपूर होतात. पहिले ताट तुळशीला किंवा देवाला, मग घरच्यांना.

लाडू-चकल्या कोकणातही होतात, पण त्या सकाळी ताटात पहिला घास पोह्यांचाच हवा. घरात नवे भात आले आहे हे सांगणारा तोच घास.

कोळाचे पोहे: पोहे तीन वाट्या, एक मोठा नारळ, लिंबाएवढी चिंच, चिरलेला गूळ तीन-चार चमचे, दोन हिरव्या मिरच्या, मीठ, कोथिंबीर. नारळ खवून वाटा आणि एक वाटी दाट रस काढा. चोथ्यात कोमट पाणी घालून दोन वाट्या पातळ रस काढा. चिंच अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळून घ्या. पातळ रसात कोळ, गूळ, मीठ आणि ठेचलेली मिरची घालून चव बघा. आंबट, गोड आणि तिखट तिन्ही कळले पाहिजेत. मग दाट रस घाला. तुपात जिरे, हिंग, कढीपत्ता आणि सुकी मिरची यांची फोडणी करा आणि ती थोडी निवल्यावर वरून ओता. पोहे धुऊन दहा मिनिटे निथळत ठेवा, आणि पाने मांडल्यावरच रसात घाला.

यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. रस चुलीवर ठेवला की चिंचेमुळे फाटतो आणि वर तुपकट गुठळ्या येतात. हा पदार्थ गरम करायचाच नसतो. दुसरे, पोहे आधीच घालून ठेवले की अर्ध्या तासात सगळा रस पितात आणि पातेल्यात लगदा उरतो. पाहुणे टप्प्याटप्प्याने येणार असतील तर रस वेगळा ठेवा आणि वाटीवाटीने कालवा.

गोडे पोहे: पोहे दोन वाट्या, ओले खोबरे एक वाटी, चिरलेला गूळ पाऊण वाटी, वेलची, चिमूटभर मीठ. आधी गूळ आणि खोबरे हाताने चुरून एकजीव करा, गुळाला पाणी सुटले की पोहे घाला आणि पंधरा मिनिटे झाकून ठेवा. पोहे जाड असतील तर नारळाच्या पाण्याचा हबका द्या. सगळे एकदम कालवले तर गुळाचे खडे तसेच राहतात.

दूधपोह्यांत गूळ घालायचा तर दूध कोमट झाल्यावर. उकळत्या दुधात गूळ घातला की दूध फाटते. ताकातल्या पोह्यांना आदल्या दिवशीचे आंबट ताक नको. मीठ वाढताना घाला.

काळ्या वाटाण्याची उसळ शिजतच नाही, काय करावे?

वाटाणे दहा-बारा तास भिजायला हवेत, म्हणजे आदल्या दिवशी दुपार-संध्याकाळच्या आत पाण्यात पडले पाहिजेत. भिजल्यावर जे दाणे सुरकुतलेले किंवा कडक राहतात ते काढून टाका, ते कितीही शिजवले तरी दाताखाली येतात. कुकरला सहा-सात शिट्ट्या लागतात. मीठ आणि कोकम शिजल्यावरच घाला, आंबटाने दाणा मऊ होत नाही. वाटणाला भाजलेले खोबरे, धणे, मिरी, सुकी मिरची. देवाच्या नैवेद्याला कांदा-लसूण चालत नसेल तर नैवेद्याची वाटी आधी बाजूला काढा आणि मग कांदा परतून घाला.

घरच्या भाताचे पोहे कांडायचे आहेत. कसे करतात?

वालय, मुणगा, सोरटी अशा लाल तांदळाच्या जुन्या जातींचे पोहे चवीला वेगळेच लागतात, आणि कांडणारी घरे कमी होत चालली आहेत, म्हणून हे थोडे सविस्तर.

भात स्वच्छ पाखडून गरम पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी उपसून टोपलीत तासभर निथळू द्या. दाणा वरून कोरडा आणि आतून ओला असावा. जाड खापर किंवा लोखंडी कढई चांगली तापवा आणि ओंजळ-दोन ओंजळीच भात टाकून सतत हलवा. दोन-चार दाणे फुटून लाह्या झाल्या की लगेच काढा आणि गरम असतानाच व्हायनात (जमिनीतल्या उखळात) ओता. दोघांनी आळीपाळीने मुसळ मारायचे, तिसऱ्याने मधूनमधून भात वरखाली करायचा. टरफल सुटले आणि दाणा चपटा झाला की सुपात घेऊन पाखडा. लगेच दुसरा घाणा भाजायला पडलेला असला पाहिजे.

भिजताना आणि भाजताना दाणा आतून अर्धवट शिजतो आणि गरम असेपर्यंत मऊ राहतो, म्हणून घाव बसला की तुटत नाही, पसरतो. निवल्यावर कांडला की त्याची कणी होते. जास्त भाजला तर लाह्या आणि चुरा, कमी भाजला तर टरफल चिकटून राहते. शेतातून तोडल्या-तोडल्या आणलेले हिरवट भात घेऊ नका. दोन-तीन उन्हे दिलेले घ्या. तयार पोहे कागदावर पसरून पूर्ण निवू द्या. ऊब असताना डब्यात भरले तर तीन दिवसांत बुरशी येते.

अंगण कधी सारवावे? परतीचा पाऊस राहिला तर?

पावसाळ्यात वाहून गेलेले खळे (अंगण) आधी खणून, दगड वेचून, पाणी मारून चोपण्याने चोपावे लागते. ते किमान दोन दिवस वाळल्यावरच सारवण. शेण ताजे, पाणी बेताचे, थर पातळ. जाड थराला भेगा पडतात आणि रांगोळी त्यात शिरते. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत संध्याकाळी गडगडून पाऊस येऊ शकतो, म्हणून चोपणी लवकर करा पण शेवटचे सारवण चतुर्दशीच्या आदल्या सकाळीच ठेवा. पाऊस आलाच तर सगळे खळे पुन्हा करण्याच्या नादी न लागता तुळशीभोवतीचा हातभर पट्टा सारवून त्यावर रांगोळी काढा.

नरकासुराची प्रतिमा सगळ्या कोकणात जाळतात का?

नाही. ही रीत वेंगुर्ले, सावंतवाडी, दोडामार्ग या बाजूला आणि गोव्यात जोरात आहे. उत्तरेकडे कमी होत जाते, रायगडात सहसा दिसत नाही. बांबूचा सांगाडा, आत सुके गवत, वरून रद्दीचे कागद खळीने चिकटवायचे, मुखवटा वेगळा करून शेवटी बसवायचा. चावदिसाच्या पहाटे, उजाडण्याआधी तो जाळतात. खळ ओली असताना दुसरा थर चढवला की कागद सोलून येतो. दोन थरांत एक दिवस जाऊ द्या.

जागा निवडताना जास्त काळजी घ्या. त्या दिवसांत कापलेल्या भाताच्या उडव्या (रचलेले ढीग), गवताच्या कुड्या आणि मांगर (शेतातली खोपटी) जवळपास असतात, आणि समुद्रकाठी पहाटेचा वारा जमिनीकडून वाहतो. उडवी वाऱ्याच्या खालच्या बाजूला येत असेल तर जागा बदला. वर विजेच्या तारा नकोत, आत टायर, थर्मोकोल, प्लास्टिक नको. पाण्याच्या दोन-तीन घागरी भरून ठेवा आणि निखारे विझवल्याशिवाय कुणी घरी जाऊ नये.

पाडव्याला गुरांचे काय करतात?

बलिप्रतिपदा हा गुरांचा दिवस. सकाळी त्यांना धुऊन, शिंगांना गेरू लावून, गळ्यात झेंडूच्या माळा घालून ओवाळतात. गोठ्यापुढे शेणाचा लहानसा गोठा करून त्यात कारटांची गुरे मांडण्याची रीतही काही घरांत आहे. शिंगांना ऑइल पेंट नको, गेरूच लावा. गोडाधोडाचा घास देताना हात आखडता ठेवा. भात, वडे, पोळ्या एकदम पोटात गेल्या की गुराचे पोट फुगते आणि रवंथ थांबतो, आणि सणाच्या दिवशी पशुवैद्य मिळणे कठीण. चार घास प्रसादाचे, बाकी नेहमीचा चारा.

शेजारी शीख कुटुंब आहे. त्यांची दिवाळी आणि आपली एकच का?

दिवस बहुधा एकच, कारण वेगळे. शीख त्या दिवशी ‘बंदी छोड दिवस’ पाळतात. सहावे गुरू, गुरू हरगोविंद, यांना जहांगीराने ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ठेवले होते. सुटका झाली तेव्हा त्यांनी आपल्याबरोबर ५२ राजांनाही सोडवले. जो गुरूंचे वस्त्र धरेल तो बाहेर जाईल अशी अट पडली, म्हणून ५२ पदरांचा झगा शिवून घेतला, अशी परंपरेतली कथा आहे. गुरू अमृतसरला पोहोचले तेव्हा दिवे लावले गेले. त्याही आधी तिसरे गुरू अमरदास यांनी वैशाखी आणि दिवाळीला शिखांना एकत्र यायला सांगितले होते.

त्यांची दीपमाला अमावास्येच्या संध्याकाळी असते, आपले कारीट चतुर्दशीच्या पहाटे. त्यामुळे दोन्हीकडे जाणे जमते. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पनवेल या पट्ट्यात गुरुद्वारे आहेत आणि तिथे कुणालाही जाता येते. डोके रुमालाने किंवा ओढणीने झाका, चपला काढून हात-पाय धुवा, खिशात तंबाखू-सिगारेट नको. कडाह प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्या. तो कणीक, तूप आणि साखर समप्रमाणात घेऊन केलेला असतो, तूप हाताला लागणारच. लंगरमध्ये जमिनीवर पंक्तीत बसा आणि पाहिजे तेवढेच घ्या, पानात टाकणे तिथे फार वाईट दिसते. फराळाचे ताट शेजाऱ्यांच्या घरी जरूर न्या. लक्ष्मीपूजनाला बोलावलेत तर येतील, पण मूर्तिपूजा त्यांच्या धर्मात नाही, म्हणून आरती हातात देण्याचा आग्रह नको.

घरात यंदा मृत्यू झाला आहे. दिवाळी करायची का?

बहुतेक घरांत वर्षभर फराळ तळत नाहीत, कंदील लावत नाहीत. शेजारी आणि नातेवाईक फराळ आणून देतात आणि तो घ्यायचा असतो. मुलांना तेल-उटणे लावून अंघोळ घालायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते. शेजारी असाल तर न विचारता डबा घेऊन जा.

दिवाळी संपते कधी?

तुळशीचे लग्न लागेपर्यंत कोकणात दिवाळी संपली असे कुणी म्हणत नाही. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कोणत्याही संध्याकाळी लग्न लावतात, आणि गोव्यात याच सणाला मोठी दिवाळी म्हणतात. वृंदावन रंगवून त्यात ऊस उभा करतात, आवळा आणि चिंचेच्या फांद्या खोचतात, काही ठिकाणी नवरदेव म्हणून दिंड्याची काठी. अंतरपाट, मंगलाष्टके, अक्षता, मग चुरमुरे-बत्तासे आणि उसाच्या कांड्या वाटतात. चिंच आणि आवळ्याच्या फांद्या फळांसकट हव्यात. कोवळी चिंच बाजारात लवकर संपते, म्हणून द्वादशीच्या आधीच सांगून ठेवा. ऊस दिवसभर उन्हात ठेवला तर पाने वाळून वाकतात, संध्याकाळपर्यंत बुडखा पाण्यात बुडवून ठेवा. वृंदावनात रोवताना तुळशीच्या मुळाला लागणार नाही अशा कोपऱ्यात रोवा. लग्नानंतर महिन्याभरात तुळस वाळली, की बहुतेक वेळा मूळ तुटलेले असते.